टपाची मागील खिडकी

घडी घालता येणारा टप हा मोटारीला घोडागाडीकडून मिळालेला वारसा होय. मुंबईच्या व्हिक्टोरियावर असे तसाच टप पहिल्या मोटारींवरही असे. फरक होता तो हाकणाऱ्याच्या जागेचा. व्हिक्टोरियाचा गाडीवान टपाबाहेर, पुढे उंचावर बसे. त्याची दृष्टी टपाने अडत नसे. मोटारीचा चालक मात्र टपाखाली आला. रस्त्यांवर वर्दळ वाढली, तसे त्याला मागचे दिसणे अगत्याचे झाले आणि टपाच्या पाठीत खिडकी कापावी लागली. या खिडकीने कारागिरापुढे एक जुनाट प्रश्न उभा केला. जे दुमडावयाचे, त्याला जे दुमडू नये ते जोडावे कसे?

सांधा हेच मर्मस्थान, हा अनुभव मोटारीहूनही जुना आहे. स्कॉटलंडचे रसायनज्ञ चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ साली दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन जलाभेद्य वस्त्र सिद्ध केले. परंतु शिंप्यांनी त्याचे कोट शिवताच सुईच्या छिद्रांतून पाणी आत शिरू लागले. कापड अभेद्य होते; शिवण नव्हती. टपाच्या खिडकीलाही पुढे हेच भोगावे लागले.

आरंभीच्या खिडक्यांसाठी सेल्युलॉइडचा पत्रा वापरीत. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी १८७० च्या सुमारास प्रचारात आणलेला हा पदार्थ हलका व शिवता येण्याजोगा होता. पण तो पिवळा पडे, तडकत असे आणि चटकन पेट घेई. १९२६ साली गुडरिच कंपनीतील वाल्डो सेमन यांनी पॉलिव्हिनाइल क्लोराइड मऊ करण्याची युक्ती शोधली. महायुद्धानंतरच्या क्रीडा-मोटारींना त्यामुळे पारदर्शक, लवचिक खिडकी लाभली. तथापि उन्हाने व काळाने त्यातील मार्दव आणणारे द्रव्य उडून जाते. पत्रा धुरकट व ताठ होतो आणि थंडीत दुमडताच घडीवर चिरतो.

यावर जर्मनीतील ओस्नाब्रुक येथील कारमान कारखान्याने वेगळी वाट धरली. १९४९ ते १९८० या काळात तेथे तयार झालेल्या फोक्सवॅगन बीटलच्या जाड, अस्तरयुक्त टपात काचेची खिडकी असे. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ च्या आपल्या छोट्या दोन आसनी मोटारीत झिपने उघडणारी प्लॅस्टिकची खिडकी दिली. १९९८ च्या आवृत्तीत तिच्या जागी तारांनी तापणारी काच आली. काच धुरकट होत नाही, हे खरे. परंतु अनेक मोटारींत ती कापडास चिकटद्रव्याने जोडलेली असते. तिचा भार व टपाचा ताण त्या अरुंद पट्टीवर पडतो आणि कालांतराने काच कापडापासून सुटते. दोष नाहीसा झाला नाही. खिडकीतून निघून सांध्यात जाऊन बसला.

म्हणूनच जाणता कारागीर प्रथम खिडकी न पाहता तिच्याभोवतीचे कापड पाहतो. ताण कोपऱ्यांवर एकवटतो, म्हणून झीज बहुधा तेथेच आढळते. झिजलेल्या जागी नवे टाके घालणे म्हणजे नवी छिद्रे पाडून फाटण्यास वाट करून देणे. त्याच पोताचे, गोल कोपऱ्यांचे ठिगळ निरोगी कापडापर्यंत पोहोचेल एवढे घेऊन ते आतून चिकटवावे, हे हितकर. शिवणे अटळच असेल तर जुन्याच छिद्रांतून पॉलिएस्टरचा दोरा न्यावा व शिवण जलरोधक लेपाने बुजवावी. काच सुटली असल्यास टपाचे आकडे सोडून कापड सैल करावे, जुने चिकटद्रव्य खरवडून काढावे आणि नवे पुरते वाळेपर्यंत टप दुमडू नये.

सारेच कापड विरले असेल, तर मात्र टपच बदलावा लागतो. आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठे लावणार? तोवर वेळीच घातलेले लहानसे ठिगळ सबंध टपाचे आयुष्य वाढविते. कारण टपाचे बळ शेवटी त्याच्या सर्वांत दुबळ्या सांध्याएवढेच असते.