आरोग्य विमा असूनही वेदनाशामक गोळ्यांचा खर्च खिशातून का जातो?

साताऱ्या-सांगलीकडचे अनेक रुग्ण ऑपरेशनसाठी कराड किंवा मिरज गाठतात. ऑपरेशनचं बिल विम्यातून भागतं. पण घरी आल्यावर वेदनाशामक गोळ्यांचं बिल काही दिवसांनी स्वतःलाच भरावं लागतं. असं का?

मर्यादा कुठे येते?
बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचा खर्च देतात. डिस्चार्जनंतरची औषधं साधारण ६० ते ९० दिवस आणि त्याच आजाराची असतील तरच मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही मुदत १० दिवसांची आहे. ओपीडी कव्हर नसेल, तर जुन्या कंबरदुखीच्या गोळ्या विम्यात बसत नाहीत.

मॉर्फिनचं काय?
कॅन्सरच्या तीव्र वेदनांवरचं मॉर्फिन साध्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. २०१४ च्या एनडीपीएस कायदा दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था ते ठेवू शकतात. ही अडचण विम्याची नाही, उपलब्धतेची आहे.

काय करावं?
• चिठ्ठीवर आजार, डोस आणि कालावधी लिहून घ्या. पक्कं बिल जपून ठेवा.
• दावा नाकारला तर लेखी कारण मागा आणि आधी कंपनीकडे तक्रार करा.
• ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.
• पैसे संपले म्हणून गोळ्या अचानक बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, स्वस्त जेनेरिक औषध लिहून मागा.