जहाजावरचा शिपाई कोणाचा?

मंडळी, आरमार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिडं येतात, तोफा येतात, सिंधुदुर्गाचा तट येतो. जहाज हाकणारे खलाशी, तांडेल, सारंग आठवतात. पण त्याच जहाजावर आणखी एक माणूस असायचा. शीड आवरणं हे त्याचं काम नव्हतं. त्याच्या हातात बंदूक होती. इंग्रज त्याला मरीन म्हणत. आम्ही त्याला जहाजावरचा शिपाई म्हणू.

इंग्लंडने १७५५ साली अशा शिपायांच्या ५० कंपन्या, म्हणजे सुमारे ५,००० माणसं, कायमची उभी केली. १८०२ मध्ये त्यांना ‘रॉयल’ हा किताब मिळाला. त्यांची कामं कोणती? जहाजं एकमेकांना भिडली की बंदुका चालवायच्या, वर चढणारा शत्रू संगिनीने परतवायचा, गरज पडली तर तोफ ओढायला हात लावायचा आणि किनाऱ्यावर उतरून लढायचं. याशिवाय दारूकोठारावर आणि कप्तानाच्या दारावर पहारा त्यांचाच. अधिकारी एकीकडे, खलाशी दुसरीकडे आणि यांची झोपायची जागा मधे! असं का? तर जबरदस्तीने धरून आणलेले खलाशी कधी उलटतील याचा नेम नव्हता. १७९७ साली स्पिटहेड आणि नोर इथे ते उलटलेही. म्हणजे या शिपायाची बंदूक जशी शत्रूसाठी होती, तशी आपल्याच जहाजावरच्या माणसांसाठीही होती.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. आंग्र्यांच्या आरमाराची रीत अशी की, गुराबांनी नाळेवरच्या तोफांनी शत्रूच्या डोलकाठ्या मोडायच्या. जहाज लुळं पडलं की वल्ह्यांची गलबतं चहूबाजूंनी भिडायची आणि माणसं तलवारी घेऊन एकदम वर चढायची. हीच धडक पुढे पेशव्यांच्या आरमारातही दिसते. ८ एप्रिल १७८३ रोजी आनंदराव धुळपांनी कंपनीचं ‘रेंजर’ हे जहाज असंच झुंजून घेतलं. त्या लढाईत मेजर शॉ ठार झाला आणि कर्नल हंबरस्टन जखमांनी पुढे वारला. तेव्हा शत्रूच्या जहाजावर चढण्यात आपण कमी नव्हतो, बरं का.

पण जहाजावरून उतरण्याचं काय? त्यासाठी थोडं मागे, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गावर जावं लागेल. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र आले होते. वॉटसनच्या तोफांच्या माऱ्यात आंग्र्यांचं आरमार जळालं. त्याच रात्री क्लाइव्हने जहाजांवरून माणसं उतरवली. कुठे? किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्या बरोबर मधे! दोस्तालाच वाट अडवली. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हातात गेला आणि आतली सुमारे १० लाखांची लूट त्यांनी आपसांत वाटून घेतली. आरमार तोफांनी जाळता येतं, पण किल्ला ताब्यात घ्यायला माणूसच उतरावा लागतो.

मुंबईकरांनी हे ध्यानात ठेवलं. १७७७ साली त्यांनी देशी शिपायांची खास मरीन पलटण उभी केली. मुंबईच्या देशी पायदळात त्या काळी कोकणातली भरती मोठी होती. मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायल असे सगळेच त्यात होते. उत्तरेत समुद्र ओलांडला की जात जाते या धास्तीने पलटणी अडून बसत. मुंबईची पलटण मात्र जहाजावर चढे. समुद्र हेच ज्याचं अंगण, त्याला सिंधुबंदी किती रोखणार?

आता १८१९ हे साल पाहा. फेब्रुवारीत सर विल्यम कीर याच्या फौजेने सावंतवाडी संस्थानातले निवती आणि रेडी हे किल्ले घेतले. रेडी म्हणजे यशवंतगड, आपल्या बांद्याखालून वाहणारी तेरेखोल जिथे समुद्राला मिळते, त्याच्या जवळच. त्याच वर्षी डिसेंबरात हाच कीर सुमारे ३,००० माणसं घेऊन इराणी आखातात रास अल खैमाला उतरला. त्या फौजेत मरीन पलटणीच्या निवडक कंपन्याही होत्या. ९ डिसेंबरला ठाणं पडलं आणि जानेवारी १८२० मध्ये तिथल्या शेखांशी तह झाला. निमित्त काय, तर ‘चाच्यांचा बंदोबस्त’. आणि गंमत अशी की, इंग्रजांच्या दप्तरात आपल्या किनाऱ्यावरच्या चाच्यांचं नावच ‘मालवणी’ होतं!

म्हणजे एका किनाऱ्याला चाचे ठरवायचं, तिथले किल्ले घ्यायचे आणि त्याच मुलखाच्या आसपासची माणसं दुसऱ्या ‘चाच्यांवर’ धाडायची. या शिपायाला गद्दार म्हणणं सोपं आहे. पण वर्षानुवर्षं पगार थकवणाऱ्या, आपसांत भांडणाऱ्या राज्यांचा तो रयत होता. कंपनी पगार वेळेवर देत होती. निष्ठेची अपेक्षा करणाऱ्याने आधी काय द्यायला हवं, हा प्रश्न त्याने तेव्हा विचारला नसेल, पण त्याच्या वागण्यातून तो आपल्यासमोर उभा आहे. वॉटसन, क्लाइव्ह, कीर ही नावं आपल्याला पाठ आहेत. त्यांच्या होड्यांतून गुडघाभर पाण्यात उतरलेल्या कोकणी माणसाचं एकही नाव आपण शाळेत शिकलो नाही. आरमाराचा इतिहास लिहिताना जहाजांच्या यादीसोबत या माणसांचाही हिशेब मांडायला हवा, एवढंच आमचं म्हणणं आहे.