छाटणी, छेद आणि चिकित्सा

बागेंतील झाडांची छाटणी ही विद्या आपल्याकडे युरोपियन लोकांबरोबर आली, असें विधान वारंवार ऐकूं येतें. त्यावर चिडून, आमच्या वृक्षायुर्वेदांत सर्व कांहीं आहे, असें ठासून सांगणारेही थोडे नाहींत. हीं दोन्ही मतें पोथी न उघडतां बनविलेलीं आहेत, असें आम्हांस वाटतें. वाद केवळ अभिमानाचा असता तर आम्ही त्यांत पडलों नसतों. परंतु जुन्या कागदांत झाड तोडल्याचा उल्लेख आला म्हणजे तो अपराध समजावा, उपचार समजावा कीं बागाइताचें नित्यकर्म समजावें, हें या प्रश्नावर अवलंबून आहे.

प्रथम कौटिलीय अर्थशास्त्र घेऊं. म्हैसूर येथें शामशास्त्री यांच्या हातीं याची पोथी १९०५ सालीं लागली व १९०९ सालीं ग्रंथ छापून निघाला. त्याच्या तिसऱ्या अधिकरणांत, दंडपारुष्याच्या अध्यायांत, नगराच्या उपवनांतील फुलें, फळें व छाया देणाऱ्या झाडांसंबंधीं दंड सांगितले आहेत. कोंवळा धुमारा तोडल्यास ६ पण, बारीक फांदी तोडल्यास १२, जाड फांदी तोडल्यास २४. खोडास घाव घातल्यास पूर्व साहसदंड, म्हणजे ४८ ते ९६ पण. आणि झाड समूळ उपटल्यास मध्यम साहसदंड, म्हणजे २०० ते ५०० पण. झुडपें व वेली यांस याच्या निम्मा दंड. सीमेवरील झाडें, चैत्यवृक्ष व राजवनांतील झाडें यांस दुप्पट.

या आंकड्यांकडे वाचकांनीं बारकाईनें पाहावें. धुमाऱ्यापासून जाड फांदीपर्यंत दंड केवळ दुपटीनें वाढतो; खोडाशीं येतांच तो एकदम वरच्या वर्गांत जातो. फांदी गेली तर पुन्हा फुटते, खोड गेलें तर झाडच गेलें, हा भेद स्मृतिकारांच्या नव्हे तर माळ्याच्या डोळ्यांनीं पाहिलेला आहे, असें आमचें मत आहे. याज्ञवल्क्यस्मृतींतही हीच चढण आहे. फांदी, खोड व संपूर्ण झाड यांस अनुक्रमें २०, ४० व ८० पण असा अर्थ मिताक्षरेवरून निघतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या छायेखालीं लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरास वटादिक झाडांची फांदी पुन्हा रुजते हें ठाऊक होतें. परंतु ही सर्व वचनें परक्यानें केलेल्या नुकसानीविषयीं आहेत. बागेचा धनी स्वतःच्या डाळिंबीवर कोयती चालवितो, त्याचा येथें संबंध नाहीं.

आतां चिकित्सापक्ष. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत (इ. स. सहावें शतक) वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. थंडी, वारा व ऊन यांमुळें झाड रोगी होतें. पानें पांढुरकीं पडतात, अंकुर वाढत नाहींत, फांद्या वाळतात, रस गळतो. अशा झाडाचा बिघडलेला भाग आधीं शस्त्रानें काढून टाकावा, मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप देऊन दूधपाणी शिंपावें, असा विधि सांगितला आहे. कापलेल्या जागेस लेप देण्याची ही रीत आजच्या बागाइतासही परकी वाटणार नाहीं. तो वावडिंगाऐवजीं मोरचूद व चुना घालतो, इतकेंच. मात्र हें शल्यकर्म आहे. अधिक फळ यावें म्हणून निरोगी फांदी कापावी, असें येथें म्हटलेलें नाहीं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचाही (इ. स. १७१६ च्या सुमाराचें) या संदर्भांत उगाच हवाला देतात. तेथें प्रश्न आरमाराच्या लांकडाचा आहे. आंबे, फणस रयतेनें लेंकरांसारखे वाढविलेले, त्यांस हात लावूं नये. एखादें झाड जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावें, असा त्याचा आशय. ही झाड पाडण्याची गोष्ट. छाटणीचा यांत गंधही नाहीं.

मग फळासाठीं छाटणी कोठें शोधावी? आमच्या मतें पोथीपेक्षां दख्खनच्या मळ्यांत. संत्रीं, मोसंबीं, डाळिंबें यांचा बहार धरण्याची रीत पाहा. मृगाच्या पावसावर फुलतो तो मृग बहार, हस्ताच्या सुमारास येतो तो हस्त बहार, आणि आंब्याला मोहोर येतो त्या दिवसांतला तो आंबे बहार. बहार धरतांना पाणी तोडून झाडास ताण देतात, आळें उकरून मुळ्या उघड्या पाडतात, बारीक मुळ्या छाटतात; पान गळलें कीं खतमाती भरून पाणी सोडतात. हीही छाटणीच होय, फक्त जमिनीखालची. ज्या व्यवहाराचीं नांवें नक्षत्रांवरून पडलीं, तो सरकारी शेतकीखात्यानें शिकविला असें म्हणणें आम्हांस तरी धाडसाचें वाटतें. नाशिककडील द्राक्षांचेंही तसेंच. थंड देशांत वेल हिवाळ्यांत झोंपते, म्हणून तेथें एक छाटणी पुरते; येथें ती झोंपत नाहीं, म्हणून वर्षांत दोनदां छाटावी लागते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठीं, ऑक्टोबरची गोडी छाटणी त्या काडींतून घड काढण्यासाठीं. घडाचें बीज डोळ्यांत उन्हाळ्यांतच ठरतें, हें शास्त्रानें मागाहून सांगितलें.

पोथ्यांचा शोध अर्थात् संपलेला नाहीं. शार्ङ्गधरपद्धतींतील (इ. स. १३६३) उपवनविनोद गिरिजाप्रसन्न मजुमदार यांनीं १९३५ सालीं कलकत्त्यास स्वतंत्र छापला, सुरपालाचा वृक्षायुर्वेद मात्र ऑक्सफर्डच्या बोडलियन संग्रहांत पडून राहून १९९६ सालीं सिकंदराबादेहून इंग्रजी भाषांतरासह बाहेर आला. संस्कृत पोथीची ही गत, तर मोडींतील बागेच्या जमाखर्चास कोण विचारतो! दफ्तर चाळतांना इनामाचे व वंशावळीचे कागद ठेवून माळ्याची मजुरी, खत व मोटेचें पाणी यांचीं टिपणें रद्दींत टाकण्याची खोड आपणां संग्राहकांत आहे, आणि तींत आम्हीही पूर्वीं सामील होतों. अशा टिपणांत कोणत्या महिन्यांत कोणत्या झाडास किती माणूस लागला एवढें जरी मिळालें, तरी वरील प्रश्नाचा बराच निकाल लागेल. ज्यांच्या संग्रहीं असे बंद असतील त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे धाडाव्या.