मूर्तीचा दाता आणि मागाठाण्याचं शेत

बोरिवली म्हणजे रेल्वेने वसवलेलं उपनगर, ही समजूत पक्की आहे. तिला खोडणारा पुरावा मात्र उशाशी, कान्हेरीच्या कातळात आहे. तिसऱ्या लेण्यात, म्हणजे मोठ्या चैत्यगृहात, एका बुद्धमूर्तीजवळ पाचव्या-सहाव्या शतकातल्या अक्षरांचा छोटा लेख आहे. भगवंतांची प्रतिमा दान देणारा शाक्यभिक्षू बुद्धघोष हा महागंधकुटीचा, म्हणजे बुद्धाच्या मुख्य दालनाचा, रक्षक आणि त्रिपिटकाचे आचार्य धर्मवत्स यांचा शिष्य होता, असं तो सांगतो. पाली अट्ठकथांचा प्रसिद्ध कर्ता तो हाच, असं केवळ नावावरून मानू नये. लेखात एकाही गावाचं नाव नाही, तरी वस्तीच्या इतिहासासाठी मला तो मोलाचा वाटतो. गंधकुटीला नेमलेला रक्षक आणि त्रिपिटक शिकवणारा आचार्य असणारं ठिकाण हे पावसाळ्यातल्या वर्षावासापुरतं टेकायचं ठिकाण नसतं. तिथे बारमाही माणसं राहतात, आणि त्यांना बारमाही अन्नवस्त्र लागतं.

ते कुठून येई, याचं उत्तर तिथल्याच आणखी जुन्या लेखात आहे. गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीच्या १६व्या राज्यवर्षी, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, कल्याणच्या अपरेणुकाने लेणं करवून दिलं, २०० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता व्याज वापरायची ठेव, ठेवली आणि मंगलथान गावातलं एक शेतही संघाला दिलं. भिक्षूंच्या चीवरांची सोय त्यातून व्हायची होती. हे मंगलथान म्हणजे डोंगराखालचं मागाठाणे, असं अभ्यासक मानतात.

यावर एक आक्षेप असा, की दाते कल्याण, सोपारे, चौल अशा दूरच्या बाजारपेठांतले. त्यांवरून वर्दळ सिद्ध होते, स्थानिक वस्ती नव्हे. पैशांच्या दानापुरता हा आक्षेप मान्य करावा लागेल. पण शेत कल्याणहून आणता येत नाही. ते कायमचं दान द्यायचं तर कसणारी माणसं, ठरलेल्या बांधाच्या खुणा आणि ओळखता येणारं गाव आधीच हवं. दुसरा आक्षेप नावांच्या साम्याचा. नुसतं साम्य फसवं असतं, हे खरंच. म्हणून जागा पाहावी लागते. मागाठाण्यातच, बोरिवली पूर्वेला, बौद्ध लेणी आहेत. आज घरांनी वेढलेली आणि झिजलेली असली तरी ती साधारण सहाव्या शतकातली, म्हणजे बुद्धघोषाच्या मूर्तिलेखाच्या आसपासची मानली जातात. नाव, डोंगराचा शेजार आणि लेणी ही तिन्ही एकाच ठिकाणी जुळतात.

तिसरी शंका सर्वांत गंभीर आहे: दुसऱ्या शतकातलं शेत आणि पाचव्या-सहाव्या शतकातली मूर्ती यांत तीनेकशे वर्षांचं अंतर आहे, मग मधला धागा कोणता? तीच माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिली, असा दावा या लेखांवरून करता येत नाही, आणि करूही नये. विहार मात्र टिकला, एवढं नक्की. जेम्स बर्ड यांना १८३९ मध्ये तिसऱ्या लेण्यासमोरच्या स्तूपात सापडलेल्या ताम्रपटावर त्रैकूटक संवत २४५, म्हणजे इ.स. ४९४-९५, असा काळ आहे, आणि कृष्णगिरीच्या, म्हणजे कान्हेरीच्या, महाविहाराचा उल्लेख आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळीही इथे दानं नोंदवली जात होती.