गृहभेटीची नोंदवही : अर्भकापासून मातेपर्यंतचा प्रवास

माता व अर्भक यांच्या आरोग्यासाठी प्रशिक्षित स्त्रीने घरोघर जावे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रुजली. मँचेस्टर व सॅल्फर्ड येथील स्त्रियांच्या एका आरोग्यसुधारक मंडळाने १८६२ मध्ये गरीब वस्त्यांत फिरण्यासाठी वेतनी स्त्रिया नेमल्या. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या पुरस्काराने १८९२ च्या सुमारास बकिंगहॅमशायर परगण्यात अशा कार्यकर्त्या घडविण्याचा प्रयोग झाला. परंतु या कार्याला शासकीय बळ लाभले ते निराळ्याच कारणाने. बोअर युद्धाच्या काळात (१८९९-१९०२) सैन्यभरतीस आलेले अनेक तरुण शरीराने अपात्र ठरले. शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल १९०४ मध्ये आला आणि अर्भकांचे आरोग्य हा साम्राज्याच्या चिंतेचा विषय झाला.

या पार्श्वभूमीवर हर्टफर्डशायर परगण्यातील नोंदवह्यांचे महत्त्व ध्यानात येते. तेथील प्रमुख आरोग्य-परिचारिका एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली १९११ पासून एक शिस्त पाळली गेली. सुईणीने जन्मवजन कळवावयाचे, परिचारिकेने वर्षभर घरी भेटी द्यावयाच्या आणि बाळ अंगावर पिते की बाटलीने, कोणते आजार झाले, वर्षाअखेर वजन किती भरले, हे सारे वहीत उतरवावयाचे. या भेटींमागे एक गृहीत होते : बाळे दगावतात ती मातांच्या अज्ञानामुळे, सबब मातेला शिकवावे. या गृहीतकाला समकालीन उत्तरही मिळाले होते. लंडनच्या लॅम्बेथ भागातील कुटुंबांच्या पाहणीवर आधारलेल्या, १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मॉड पेंबर रीव्ह्ज यांनी दाखवून दिले, की तेथील मातांजवळ उणीव होती ती शहाणपणाची नव्हे, पैशाची.

नोंदवह्यांचा खरा अर्थ उलगडण्यास मात्र पाऊणशे वर्षे लागली. साउथॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर आणि क्लाइव्ह ऑसमंड यांनी १९८६ मध्ये दाखविले, की इंग्लंड-वेल्समधील ज्या भागांत १९२१-२५ या काळात अर्भकमृत्यू अधिक होते, त्याच भागांत १९६८-७८ मध्ये हृदयविकाराचे मृत्यू अधिक आढळतात. त्यानंतर हर्टफर्डशायरच्या वह्यांतून १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढण्यात आला. जन्मतः आणि वर्षाअखेर ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वाधिक होते. हा निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील आयुष्यातील गरिबीचा हा परिणाम असेल, असा आक्षेप घेतला गेला व त्यावर दीर्घ वाद झाला. तरीही प्रश्नाची दिशा पालटली. जन्मवजन म्हणजे जन्मापूर्वीच्या नऊ महिन्यांचा हिशेब. अर्भकासाठी सुरू झालेली नोंद अशा रीतीने मातेच्या देहापाशी येऊन थांबली, आणि मातेला दोषी धरणाऱ्या भेटींच्याच नोंदींनी तिच्या कुपोषणाकडे बोट दाखविले.

हा धागा भारतातही येऊन पोहोचला. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ रुग्णालयात १९३४ ते १९५४ या काळात जन्मलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथेही कमी जन्मवजन आणि हृदयविकार यांचा संबंध दिसून आला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा खेड्यांत माता-पोषणाचा अभ्यास आरंभिला. येथे गर्भधारणेपूर्वीपासूनच कार्यकर्त्या दरमहा स्त्रियांच्या घरी जात. या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होते. बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची ही बाळे हाडापेराने बारीक, परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकवून असलेली होती. हर्टफर्डशायरची भेट प्रसूतीनंतर सुरू होई. पुण्याची भेट गर्भधारणेच्याही आधी. ऐंशी वर्षांतले हे अंतर केवळ वेळापत्रकाचे नव्हे, दृष्टीचे आहे.

भारत सरकारने २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्तीच्या नवजात-गृहभेटी देशभर लागू केल्या : रुग्णालयात प्रसूती झाल्यास ४२ दिवसांत सहा, घरी झाल्यास सात. २०१८ मध्ये पंधराव्या महिन्यापर्यंतच्या आणखी पाच भेटींची त्यांत भर पडली. आशा ही परिचारिका नव्हे, हा भेद लक्षात ठेवूनही परंपरेचे सातत्य स्पष्ट आहे. या भेटींत मातेच्या प्रकृतीची चौकशी अपेक्षित असली, तरी त्यांची गणना बाळाच्या जन्मापासून होते. गरोदरपणी ज्यांचा रक्तदाब चढतो, त्या स्त्रियांना उत्तरायुष्यात हृदयविकाराचा धोका अधिक असतो, हे आता वैद्यकशास्त्राला मान्य आहे. म्हणजे मातेचे हृदय हा बाळाच्या संगोपनाचा उपविषय नसून तो स्वतंत्र विषय आहे. हर्टफर्डशायरच्या वहीतील नोंद बाळाची असे. मातेसाठी तीत वेगळे पान नव्हते. ते पान उघडणे, हे गृहभेटीच्या इतिहासातील अपुरे राहिलेले कार्य होय.