गिरणगावची खोली आणि गावाकडची चूल

मुंबईच्या गिरण्या म्हटलं की भोंगा आठवतो, संप आठवतो, लाल बावटा आठवतो. आज आम्ही बोलणार आहोत खोलीबद्दल. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडचे आपले आजे-पणजे ज्या खोलीत जाऊन राहिले, ती त्यांना परवडली कशी?

कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. मग परळ-लालबागला चिमण्याच चिमण्या उभ्या राहिल्या. माणसं हजारोंनी आली, पण मुंबई पडली बेट. जागेचा भाव चढला आणि मालकांनी एकेका खोलीच्या चाळी बांधल्या. १८९६ साली प्लेग आला तेव्हा कुठे सरकारला ही दाटी दिसली. १९११ च्या खानेसुमारीत मुंबईतली दहातली जवळजवळ सात माणसं एका खोलीच्या घरात राहत होती. पुढे १९२० नंतर सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोडला बीडीडी चाळी बांधल्या. तिथली खोली साधारण १६० चौरस फुटांची. आपला गोठा याहून मोठा असतो.

अशा खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा गडी राहत. त्याला गाळा म्हणत. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे. रात्रपाळीचा गडी सकाळी परतला की दिवसपाळीवाल्याने सोडलेल्या जागेवर आडवा व्हायचा. भाडं सगळ्यांत वाटून जायचं.

बायको-पोरं आणायची तर खोली एकट्याच्या नावावर हवी, आणि तेवढा पगार बहुतेकांना नव्हता. म्हणून ती गावी राहिली. तिने भात लावला, म्हातारी माणसं सांभाळली, पोरं वाढवली. मनिऑर्डर कधी यायची, कधी नाही. गडी आजारी पडला किंवा काम सुटलं की तो गावाकडेच येणार, हे गिरणीलाही ठाऊक होतं. थोडक्या पगारात मजूर मिळत होता, कारण त्याच्या घराचा अर्धा खर्च गावातली बाई काढत होती. गिरणीच्या कुठल्या वहीत तिचं नाव नाही. आम्हाला याचा राग येतो, तो लपवत नाही.

ज्या बाया मुंबईला पोचल्या, त्यांच्यातल्या काही गिरणीत लागल्या, काहींनी खाणावळ घातली. त्याच एका खोलीत वीस-वीस गड्यांचा स्वयंपाक. पैसे महिनाअखेर, पण वाण्याचं सामान रोज लागणार, म्हणून सावकाराचं व्याज मानेवर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या गटांची ती थोरली बहीणच म्हणा.

भाड्याचं सांगायचं राहिलं. १९४७ च्या कायद्याने जुन्या खोल्यांचं भाडं गोठवलं. त्यामुळे गरिबाला कुणी सहज बाहेर काढू शकेना, हे मोठंच काम झालं. पण भाडं वाढेना म्हणून मालक दुरुस्ती करेना, आणि खोली हातबदल करताना पगडी मागितली जाऊ लागली. नवा माणूस ती कुठून देणार? तो झोपडीत गेला. भाडेपावतीवर नाव बहुतेक पुरुषाचं. तो वारला की बाईला आपला हक्क सिद्ध करत फिरावं लागे.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पगार बंद पडला, गाळे रिकामे झाले, गडी गावी परतले. त्यांना वर्ष-वर्ष जेवू घातलं ते पुन्हा गावच्या चुलीनेच.

गिरण्यांच्या जमिनीवर आता मॉल आणि टॉवर आहेत. खूप भांडल्यावर त्यातला थोडा वाटा कामगारांच्या घरांसाठी ठरला आणि २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली. वारसांनाही अर्ज करता आला, पण कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत होता याचा पुरावा लागला. तो पुरावा म्हणजे हजेरीचा पास, पगाराची चिठ्ठी, विम्याचं कार्ड. घर सारवताना किती जणींनी ते कागद चुलीत घातले असतील!

माळ्यावर सासऱ्यांची ट्रंक असेल तर उघडा. जे निघेल ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून बुधवारी केंद्रावर आणा. आपण मिळून वाचू.