पाणी राखणारा रेणू : डेस्मोप्रेसिनची कुळकथा

डेस्मोप्रेसिन या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. नाकात एखादा फवारा किंवा एक छोटी गोळी. तेवढ्यावर दिवसाला पंधरा-पंधरा लिटर लघवी होणारा आणि रात्री तासातासाला पाण्यासाठी उठणारा माणूस सलग झोपू शकतो. हा रेणू कुठल्याही प्राण्याच्या शरीरात सापडत नाही, तो रसायनशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये प्रागमध्ये जुळवला. पण ज्याच्यावरून तो घडवला ते संप्रेरक त्याच्या सत्तर-बाहत्तर वर्षं आधीच शास्त्रज्ञांच्या हाती लागलं होतं आणि तेही भलत्याच कामासाठी.

आधी रोगाबद्दल. अतोनात तहान आणि अतोनात लघवी ही जोडी वैद्यांना फार जुन्या काळापासून ठाऊक होती. चरकसंहितेतल्या प्रमेहाच्या वीस प्रकारांत मधुमेह वेगळा आहे आणि उदकमेह वेगळा. उदकमेहातली लघवी पाण्यासारखी स्वच्छ, थंड, गंध नसलेली आणि पुष्कळ असते. हा उदकमेह म्हणजे नेमका आजचा रोग असा दावा करता येणार नाही. मात्र सगळी भरपूर लघवी एकाच माळेत ओवायची नाही, हे भान त्या वर्गीकरणात स्पष्ट दिसतं. युरोपात थॉमस विलिस यांनी 1674 मध्ये मधुमेहींच्या लघवीची गोड चव नोंदवली आणि जोहान पीटर फ्रँक यांनी 1794 मध्ये गोडवा नसलेला प्रकार निराळा काढला. त्याला ‘डायबेटिस इन्सिपिडस’ हे नाव पडलं. नाव मिळालं, पण बिघाड कुठल्या अवयवात आहे हे पुढची शंभर वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं.

1895 मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क प्राण्यांच्या शिरेत सोडला, तेव्हा रक्तदाब झपाट्याने वाढला. तीन वर्षांनी अमेरिकेत विल्यम हॉवेल यांनी दाखवलं, की हा गुण ग्रंथीच्या फक्त मागच्या भागात आहे. त्यामुळे अर्कातल्या त्या अज्ञात पदार्थाची ओळख रक्तवाहिन्या आवळणारा अशीच झाली आणि पुढे त्याला मिळालेलं ‘व्हॅसोप्रेसिन’ हे नावही त्याच गुणावरून पडलं.

पाण्याशी त्याचा संबंध जुळला तोसुद्धा आधी उलटाच. 1901 मध्ये रुडॉल्फ माग्नुस आणि शेफर यांनी भूल दिलेल्या प्राण्यांना हा अर्क टोचला, तेव्हा लघवी वाढलेली दिसली. मग तर्क सरळ होता: ज्या माणसाला लघवी फार होते त्याची पिट्युटरी गरजेपेक्षा जास्त काम करत असावी. 1912 मध्ये आल्फ्रेड फ्रँक यांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. डोक्यात गोळी लागूनही तो वाचला होता, पण त्यानंतर त्याला हा रोग जडला होता. क्ष-किरणांच्या चित्रात गोळी पिट्युटरीपाशीच रुतलेली दिसली. आता जागा कळली, पण ग्रंथी तिथे जास्त काम करते आहे की बंद पडली आहे, याचा निवाडा व्हायचा होता.

तो पुढच्याच वर्षी झाला. इटलीत फारिनी आणि जर्मनीत फोन डेन फेल्डेन यांनी 1913 मध्ये, एकमेकांशी संबंध नसताना, अशा रुग्णांना पिट्युटरीच्या मागच्या भागाचा अर्क टोचला. लघवी कमी झाली, तहानही उतरली. ग्रंथी जास्त काम करत नव्हती, तिचा स्राव कमी पडत होता. भूल दिलेल्या जनावरावरून काढलेला निष्कर्ष जागत्या रुग्णाने खोटा ठरवला. या इतिहासातला हा क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रयोगशाळेचा सिद्धान्त प्रतिष्ठित होता, तरी त्याच्या विरुद्ध जाऊन रुग्णाला अर्क देऊन पाहणारे दोघे डॉक्टर निघाले, म्हणून उपचार सापडला.

पण उपचार सोपा नव्हता. अर्काचा परिणाम काही तासांतच ओसरायचा. म्हणून कत्तलखान्यातून आलेल्या ग्रंथी वाळवून केलेली पूड रुग्ण तपकिरीसारखी नाकात ओढू लागले. तिने नाक सुजे, काहींना दम्याचे झटके येत. नंतर तेलातलं व्हॅसोप्रेसिन टॅनेटचं इंजेक्शन आलं. ते कोमट करून खूप हलवून घ्यावं लागे, नाहीतर औषध तळाशीच राही. स्नायूत टोचलेलं हे औषध एक ते तीन दिवस पुरे, मात्र पोटात कळा येणं आणि चेहरा पांढराफटक पडणं हे त्याच्या सोबत आलंच. रक्तवाहिन्या आणि आतडी आवळण्याचा गुण पाणी राखण्याच्या गुणाला चिकटूनच येत होता.

हे दोन गुण वेगळे करायचे तर आधी रेणू नीट कळायला हवा होता. 1928 मध्ये अमेरिकेतल्या पार्क-डेव्हिस कंपनीत ऑलिव्हर काम आणि सहकाऱ्यांनी अर्काचे दोन भाग केले: एक गर्भाशय आकुंचित करणारा, म्हणजे ऑक्सिटोसिनचा, आणि दुसरा व्हॅसोप्रेसिनचा. त्यांची रचना उकलली न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यक महाविद्यालयातल्या व्हिन्सेंट द्यू विनो यांनी. दोन्ही संप्रेरकं अवघ्या नऊ अमिनो आम्लांची आहेत आणि त्यांच्यात फरक फक्त दोन जागांचा आहे. 1953-54च्या सुमारास त्यांनी दोन्ही प्रयोगशाळेत जुळवली आणि 1955 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नऊ दाण्यांतले दोन दाणे बदलले की प्रसूतीच्या कळा आणणारं संप्रेरक पाणी राखणारं होतं, हे एकदा कळल्यावर आणखी एखादा दाणा बदलून पाहण्याचा मोह कुठल्याही रसायनशास्त्रज्ञाला होणारच होता.

दरम्यान या संप्रेरकाचं रोजचं काम उलगडत होतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर जातं. बाकीचं परत घेताना शेवटचा वाटा किती असावा, हे व्हॅसोप्रेसिन ठरवतं. केंब्रिजच्या अर्नेस्ट व्हर्नी यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की मेंदूत रक्ताचा क्षारटपणा ओळखणाऱ्या पेशी आहेत आणि रक्त सुमारे दोन टक्क्यांनी दाट झालं तरी त्या संप्रेरक सोडायला लावतात. त्यांचं हे व्याख्यान 1947 मध्ये प्रसिद्ध झालं. मग 1957 मध्ये विल्यम श्वार्ट्झ आणि फ्रेडरिक बार्टर यांनी नाण्याची दुसरी बाजू मांडली. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या दोन रुग्णांत पाणी शरीरातच अडकत होतं आणि रक्तातलं सोडियम घसरत होतं. गरज नसताना हे संप्रेरक कार्यरत राहिलं तर काय होतं, याचं ते वर्णन होतं.

आता प्राग. तिथल्या विज्ञान अकादमीच्या सेंद्रिय रसायन व जैवरसायन संस्थेत मिलान झाओराल, यान कोल्ट्स आणि फ्रांतिशेक शोर्म यांनी व्हॅसोप्रेसिनमध्ये दोन बदल एकत्र केले. पहिल्या जागेवरचा अमिनो गट काढून टाकला, त्यामुळे शरीरातली विकरं रेणूला चटकन तोडू शकेनात. आठव्या जागेवर आर्जिनिन तेच ठेवलं, पण आरशातल्या प्रतिमेसारखं उलट्या घडणीचं. या दुसऱ्या बदलाने रक्तवाहिन्यांची पकड जवळजवळ सुटली. मूळ संप्रेरकात दोन्ही गुण जवळपास तुल्यबळ होते. नव्या रेणूत पाणी राखण्याचा गुण रक्तदाब वाढवण्याच्या गुणापेक्षा हजारो पट भारी ठरला. परिणामही आठ-बारा तास टिकू लागला. 1968 मध्ये वाव्रा आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवरचे आणि रुग्णांवरचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये दिले. तपकिरीचा छळ संपला आणि नाकात थेंब घालणं पुरेसं झालं. तोंडाने घेतलेल्या औषधातला हजारातला एखादाच भाग रक्तात पोचत असला, तरी रेणू इतका प्रभावी, की पुढे गोळीही करता आली.

या कुळातून एक अनपेक्षित फांदीही फुटली. डेस्मोप्रेसिनने रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून रक्त गोठवणारे घटक सुटतात, हे 1970च्या दशकात लक्षात आलं. मिलानच्या पिएर मानुच्चियो मानुच्ची यांनी 1977 मध्ये सौम्य हिमोफिलिया आणि व्हॉन विलेब्रँड रोगाच्या रुग्णांत दात काढताना आणि शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग दाखवला. पुढच्या काही वर्षांत दूषित रक्तघटकांतून असंख्य हिमोफिलियाग्रस्तांपर्यंत एचआयव्ही आणि हिपॅटायटिस पोचले. ज्यांचं या औषधावर भागलं, त्यांना ती जोखीम घ्यावी लागली नाही.

रेणू मूत्रपिंडात नेमकं काय करतो हे कळायला मात्र 1990चं दशक उजाडलं. पीटर अॅग्रे यांनी पेशीच्या आवरणातली पाण्याची वाट, अॅक्वापोरिन, दाखवून दिली आणि 1993 मध्ये जपानी संशोधकांना मूत्रपिंडातल्या नलिकांमधली अशीच वाट सापडली. व्हॅसोप्रेसिन पेशीच्या पोटात साठवलेल्या या वाटा पृष्ठभागावर आणून बसवतं. ज्यांच्या मूत्रपिंडाला हा निरोपच ऐकू येत नाही, मग तो जन्मजात दोष असो वा लिथियमचा परिणाम, त्यांना डेस्मोप्रेसिनचा फारसा उपयोग का होत नाही, हेही त्यातून स्पष्ट झालं.

या कुळकथेतून मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. डेस्मोप्रेसिन हे निसर्गाच्या रेणूपेक्षा चांगलं औषध झालं, कारण त्याने निसर्गाची हुबेहूब नक्कल केली नाही. पण त्याचा धोकाही तिथेच आहे. शरीराचं संप्रेरक आपण पाणी प्यायलो की थांबतं. व्हर्नी यांनी शोधलेल्या पेशी त्याला आवरतात. डेस्मोप्रेसिनला आवरणारं कुणी नाही. मात्रा अंगात असताना माणूस सवयीने पाणी पीत राहिला, तर सोडियम घसरतं, डोकं दुखतं, झटके येऊ शकतात. याच कारणाने अमेरिकी औषध प्रशासनाने 2007 मध्ये मुलांच्या अंथरूण ओलं करण्याच्या तक्रारीसाठी नाकातल्या फवाऱ्याचा वापर थांबवायला सांगितलं. म्हणून तज्ज्ञ डॉक्टर रुग्णाला शिकवतात, की तहान लागेल तेवढंच पाणी प्यावं आणि ठरवून दिलेल्या दिवशी पुढची मात्रा थोडी लांबवून साठलेलं पाणी लघवीवाटे जाऊ द्यावं.

दुसरा धोका औषध न मिळण्याचा. लंडनच्या एका रुग्णालयात 2009 मध्ये डायबेटिस इन्सिपिडसचा एक रुग्ण औषधाविना पाण्यासाठी तळमळून मरण पावला. अनेक ठिकाणी ‘डायबेटिस’ हा शब्द वाचून कर्मचारी रक्तातली साखर तपासतात, ती ठीक दिसली की निर्धास्त होतात. हजाराहून अधिक रुग्णांच्या एका पाहणीत सुमारे 80 टक्क्यांनी असा गोंधळ अनुभवल्याचं सांगितलं. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने रोगाचं नाव बदलून आर्जिनिन व्हॅसोप्रेसिनची कमतरता, किंवा त्याला दाद न देणं, असं सुचवलं. आपल्याकडच्या रुग्णालयांनीही ही नावं केसपेपरवर ठळक लिहावीत. पिट्युटरीची शस्त्रक्रिया झालेला किंवा डोक्याला मार लागलेला माणूस वॉर्डात पाणी मागत असेल, तर आधी त्याची लघवी मोजावी आणि सोडियम तपासावं. डेस्मोप्रेसिन घेणारा रुग्ण दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी दाखल झाला, तरी त्याची मात्रा तज्ज्ञाला विचारल्याशिवाय चुकवू नये. एवढ्या पिढ्यांच्या कष्टांतून हाती आलेला हा रेणू औषधांच्या कपाटात असतानाच माणूस तहानेने जाऊ नये.